जे, के, अर्धविराम

कलावती गजभिये यांच्या टेबलाच्या उजव्या खणात दोन ब्रश असत. दोन्ही भिंतींना रंग द्यायचे, दोन इंची, कोरडे. एक कीबोर्डसाठी आणि दुसरा मशीनच्या पोटासाठी. महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या मशीनचा डबा उघडत, पंख्याच्या पात्यांवरून ब्रश फिरवत आणि खाली पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर पडलेली काळी पूड घडी घालून कचऱ्यात टाकत. ती धूळ शहराबाहेरच्या उरला आणि सिलतरा या कारखान्यांच्या वस्त्यांकडची. त्यांचे यजमान तुळशीराम सिलतऱ्यातल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात. म्हणजे घरात शर्टातून यायची तीच धूळ ऑफिसात खिडकीतून यायची. "दोन्हीकडे झाडूनच राहिली मी," असं त्या म्हणत. त्यात तक्रार नसे, नुसती माहिती असे.

ऑफिस म्हणजे नव्या राज्याचं एक संचालनालय. नोव्हेंबर दोन हजारात राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि जिल्ह्याच्या एका शांत कचेरीच्या गळ्यात अचानक सोळा जिल्हे पडले. इमारत पूर्वी विद्यार्थ्यांचं वसतिगृह होती. खोल्यांची दारं लहान, भिंतीत ट्रंका ठेवायचे कोनाडे. भोपाळहून ट्रकांमधून फायली आल्या, अधिकारी आले आणि पाठोपाठ सहा संगणक आले. विंडोज अठ्ठ्याण्णव घातलेले. ऑफिसात कुणी विंडोज म्हणत नसे. "अठ्ठ्याण्णव उठलं का?" "अठ्ठ्याण्णव बसलं." आजारी माणसाची विचारपूस करावी तसं.

कलावतीबाईंचं पद मुद्रलेखिका, म्हणजे टायपिस्ट. एकोणीसशे सत्याहत्तरात चौबे कॉलोनीजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्या शिकल्या. सकाळी इंग्रजी, संध्याकाळी हिंदी. तिथल्या मास्तरांनी टाइपरायटरच्या सगळ्या कळांवर काळा रंग फासला होता. अक्षर बघून टाइप करणारा नजरेचा गुलाम होतो, असं त्यांचं मत. वडील रेल्वेत गँगमन, मूळ गाव भंडाऱ्याकडे. त्यांनी दोन्ही भाषांची फी भरली, कारण एकाच भाषेच्या टायपिस्टला नोकरी मिळेल याचा त्यांना भरवसा नव्हता. कलावतीबाई दोन्ही परीक्षा पास झाल्या आणि पंचवीस वर्षं त्या पास होण्यावर सरकारनं त्यांच्याकडून काम करून घेतलं.

संगणकाचं प्रशिक्षण मात्र तीन दिवसांचं. त्यातला एक दिवस उद्घाटनाचा. कंत्राटावर आलेले दोन पदवीधर ऑपरेटर सहा महिन्यांत दुसरीकडे गेले. उरल्या कलावतीबाई आणि अठ्ठ्याण्णव. मग त्यांनी एक दोनशे पानी वही घेतली आणि मशीन जे जे करेल ते लिहायला सुरुवात केली. मराठीत, कारण ती वही आपल्यासाठी होती.

वहीत उपदेश नव्हता, अनुभव होता. पडदा निळा झाला तर आधी त्यावर काय लिहून आलंय ते उतरवून घ्यायचं, मग बटणाला हात लावायचा. कारण बटण दाबलं की पुरावा गेला. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकदाच दाबायचं आणि अडकलेलं काम तेवढं बंद करायचं. घाबरून दुसऱ्यांदा दाबलं तर मशीन नव्यानं सुरू होतं आणि जतन न केलेलं सगळं जातं. घड्याळ वीस वर्षं मागं गेलं तर मशीन वेडं झालेलं नसतं, आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. डिस्कची आवराआवर लावण्याआधी स्क्रीनसेव्हर बंद करायचा, नाहीतर ती दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. हे कळायला त्यांचे तीन दिवस गेले होते, आणि तसंच लिहिलं होतं, 'तीन दिवस गेले.' सुरू होताना एफ-आठ दाबून सेफ मोडमध्ये गेलं की सगळं मोठं आणि फिकट दिसतं. पुढे लिहिलं होतं, 'चष्मा बदलू नये.'

हळूहळू इतर शाखांमधले लोक ती वही बघायला येऊ लागले. आवक-जावक सांभाळणारे गंगाधर वैरागडे तर रोज येत. ते कलावतीबाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठे, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आणि संगणक शिकायचाच असं ठरवून बसलेले.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये विधानसभेतल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं: राज्यातल्या कोणत्या गावांत किती हातपंप बंद आहेत आणि का. उत्तराची यादी कलावतीबाई चार महिन्यांपासून टाइप करत होत्या. तीन हजार नऊशे गावं, एकशे बारा पानं. जिल्ह्यांमधून कागद आले, मग फोनवरून दुरुस्त्या आल्या. दुरुस्त्या थेट मशीनवर झाल्या. शेवटचं पान संपवून, यादीच्या प्रती दोन फ्लॉपींवर घेऊन त्या भाचीच्या लग्नासाठी दोन दिवस गोंदियाला गेल्या. यादी छापून द्यायची होती गुरुवारी दुपारी चारपर्यंत. गुरुवारी सकाळी साडेदहाला त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या खुर्चीवर निरंजन बसला होता.

निरंजन मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनियर. तिशीतला, कामसू, गळ्यात ओळखपत्र. आजी अमरावतीची, त्यामुळे मराठी सगळी समजे. उत्तर मात्र हिंदीत. त्याच्यामागे उपसंचालक विनोदिनी मॅडम उभ्या होत्या आणि दाराशी गंगाधरभाऊ.

"क्या हुआ मॅडम?" कलावतीबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"आपकी लिस्ट गई," मॅडम म्हणाल्या.

पडद्यावर यादी उघडी होती. तक्ता जागेवर होता, रकाने जागेवर होते, आकडेही होते. पण जिथं गावांची नावं असायला हवीत तिथं इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा होता. मध्येच अर्धविराम, मध्येच तिरकी रेघ, मध्येच कंस.

"वायरस है," निरंजन म्हणाला. "सारी हिंदी फाइलें ऐसी हो गई हैं. फ्लॉपी भी चेक की, दोनों में यही. मतलब इन्फेक्शन फ्लॉपी तक गया. दीदी, हार्ड डिस्क फॉरमॅट करनी पड़ेगी. फ्लॉपी भी."

"फॉरमॅट म्हणजे सगळंच पुसून टाकाल."

"तो इसमें बचा क्या है?"

त्याच्या हातात विंडोजची सीडी होती. कलावतीबाईंनी ती बघितली, मग पडदा बघितला. चार महिने होते त्या पडद्यात. जिल्ह्यांचे कागद कपाटात होते, पण त्यावरून पुन्हा टाइप करायचं तर पुन्हा चार महिने, आणि फोनवरच्या दुरुस्त्या तर कुठल्याच कागदावर नव्हत्या. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी कुणी बोललं नव्हतं पण खोलीत होती: मशीन कलावतीबाईंचं, फ्लॉपी कलावतीबाईंच्या, म्हणजे वायरस कुणी आणला?

"इंग्रजी चिठ्ठ्या उघडून पाहिल्या का?" त्यांनी विचारलं.

"वो ठीक हैं."

"मंग वायरसले हिंदीच कशी समजली? त्यानं बी टायपिंगची परीक्षा दिली काय?"

गंगाधरभाऊ हसले आणि मॅडमकडे बघून थांबले.

"दीदी, मजाक का टाइम नहीं है," निरंजन म्हणाला. "होता है ऐसा. डेटा करप्ट हो जाता है."

कलावतीबाई पुढे वाकल्या. रायपूर जिल्ह्याचं पहिलं पान होतं. डाव्या कोपऱ्यात, ठळक अक्षरांत, जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे. त्या ते वाचत नव्हत्या. टेबलाच्या कडेवर त्यांचा उजवा हात होता आणि बोटं आपोआप खाली जात होती. पहिलं बोट, मधलं, करंगळी. काळ्या रंगाखाली लपलेल्या त्या कळा सव्वीस वर्षांपूर्वी बोटांत शिरल्या होत्या. जे या कळेवर हिंदीत र. के वर काना. अर्धविरामाच्या कळेवर य. आयवर प, क्यूवर पहिला उकार, जेवर पुन्हा र.

"रायपुर," त्या म्हणाल्या.

"क्या?"

"हे रायपूर लिहिलं आहे. अक्षरं नाही बिघडली. अक्षरांचे कपडे गेले."

निरंजननं मॅडमकडे पाहिलं. त्या नजरेत उद्धटपणा नव्हता, थोडी कीव होती; कामाच्या माणसाला धक्का बसला की तो असं काहीतरी बोलतो, असं त्याला वाटलं असावं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला की त्याला आणखी तीन ऑफिसात जायचंय, फॉरमॅट करून विंडोज घालायला दोन तास लागतील, जितका उशीर तितकं मॅडमचंच नुकसान. आणि कागदावर तो इंजिनियर होता, बाई टायपिस्ट. मॅडमना भोपाळहून येऊन दोन वर्षं झाली होती. चार वाजता उत्तर गेलं नाही तर जाब त्यांनाच द्यायचा होता.

कलावतीबाईंनी खुर्ची मागितली नाही. उभ्यानंच म्हणाल्या, "मॅडम, आप कोई भी पन्ना निकालिए. मैं पढ़ती हूँ. गलत पढ़ूँ तो फॉरमॅट."

मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी निरंजनला बाजूला सरकायला लावलं, स्वतः माउस घेतला आणि पानं सरकवत सरकवत मध्येच कुठंतरी थांबल्या. "ये."

कलावतीबाईंची बोटं पुन्हा टेबलाच्या कडेवर गेली. "तिरकी रेघ, के, ई, आर, जे, एच. धमतरी. पुढं विकासखंड मगरलोड. गाव..." त्या जरा थांबल्या, डावं आणि उजवं बोट आलटून पालटून हललं, "डी, जे, एस, वाय, एच, एम, एच, जी. करेलीडीह. हैंडपम्प सात. चालू चार. सी, यू, एन, म्हणजे बन्द. बन्द तीन."

"गंगाधरजी, धमतरी का बंडल."

गंगाधरभाऊंनी कपाटातून लाल दोरीचा गठ्ठा काढला. मॅडमनी मगरलोडचं पान शोधलं, बोट खाली नेलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"करेलीडीह है. हैंडपम्प सात. मगर चालू पाँच, बन्द दो."

निरंजननं सीडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

आकडा बघायला तर बोटं लागत नव्हती. पडद्यावर चार आणि तीनच होते. पण ते कागदाशी जुळत नव्हते, आणि यादी सडली आहे हे म्हणायला निरंजनला एवढं पुरेसं होतं. कलावतीबाईंनी चष्मा वर सरकवला आणि त्याच ओळीच्या शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या रकान्यात, नजर टाकली. तिथं लांबलचक चिवडा होता. त्या अक्षर अक्षर म्हणत गेल्या, ओठांतल्या ओठांत, आणि शेवटी सरळ उभ्या राहिल्या.

"शेरा असा आहे, मॅडम. 'एक और बन्द, पाइप टूटा. दिनांक अठारह फरवरी, दूरभाष से संशोधित.' फोन आप ही ने लिया था. धमतरी से. आपने दरवाज़े में खड़े होकर लिखवाया था और बोला था, अभी का अभी बदलो."

मॅडमनी पर्समधून छोटी डायरी काढली. अठरा फेब्रुवारीचं पान उघडलं. वाचलं. मग डायरी मिटली आणि निरंजनला म्हणाल्या, "सीडी अंदर रखिए."

पुढचं काम कलावतीबाईंनी बसून केलं. त्यांनी निरंजनलाच शेजारी बसवलं. यादीतला एक शब्द निवडला आणि पडद्याच्या वरच्या पट्टीतल्या खिडकीवर बोट ठेवलं. "हे बघा. फाँटचं नाव अजून हिंदी फाँटचंच दाखवून राहिलं. फाइलले माहीत आहे आपण कोणते कपडे घातले होते. मशीनच्या कपाटात ते कपडे नाहीत, म्हणून त्यानं इंग्रजी चढवले. तुमच्या घरच्या मशीनवर फ्लॉपी नेली असती तरी हेच दिसलं असतं."

"फाँट मिसिंग," निरंजन हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मैंने फाँट फोल्डर देखा ही नहीं."

कंट्रोल पॅनलमधलं फाँटचं फोल्डर उघडलं. हिंदी फाँट नव्हता. रिसायकल बिन रिकामा होता. कलावतीबाईंनी मान वळवली. "गंगाधरभाऊ, मी नव्हती तेव्हा माझी वही कोणी उघडली होती?"

गंगाधरभाऊ दाराच्या चौकटीला टेकले होते, ते सरळ झाले. "मीच. मशीन लय हळू चालून राहिलं होतं. तुमच्या वहीत लिहिलं होतं ना, फाँट फार झाले की अठ्ठ्याण्णव सुस्त होते, नको ते काढून टाका. मी म्हटलं, बाई येईपर्यंत काढून ठेवतो."

"पण हाच काहून काढला?"

"एकेक उघडून पाहिला ना मी! आंधळेपणानं नाही केलं. उघडला की मशीन त्या फाँटात नमुना लिहून दाखवते. बाकी सगळे नीट होते. हा एकटाच पार सडलेला निघाला. काय लिहिलं होतं त्याच्यात? 'ज्ीम ुनपबा इतवूद.' असा कुठं शब्द असते काय, बाई? ना मराठी, ना हिंदी, ना छत्तीसगढी. मले वाटलं, हाच रोगी आहे."

निरंजननं तोंडावर हात ठेवला. मॅडम खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

कलावतीबाई हसल्या नाहीत. त्यांना एका क्षणात सगळं दिसलं. नमुन्याचं वाक्य, 'द क्विक ब्राउन...', मशीन इंग्रजीतच धरून चालतं. तेच इंग्रजी हिंदी फाँटातून बाहेर आलं की त्याचा असा चिवडा होतो. गंगाधरभाऊंनी हिंदीच्या कपड्यातलं इंग्रजी बघून फाँट मारला, आणि निरंजन इंग्रजीच्या कपड्यातली हिंदी बघून यादी मारायला निघाला होता. दोघांनीही डोळ्यांवर विश्वास ठेवला होता.

"चूक तुमची नाही," त्या म्हणाल्या. "'नको ते काढा' असं मी लिहिलं. नको कोणते ते लिहिलंच नाही."

वरच्या मजल्यावर स्थापना शाखेच्या मशीनमध्ये तोच फाँट होता. कलावतीबाई स्वतः वर गेल्या, फाँटची फाइल दोन कोऱ्या फ्लॉपींवर घेतली. पहिली फ्लॉपी खाली येऊन वाचलीच गेली नाही. दुसरी वाचली गेली. फाँटच्या फोल्डरमध्ये 'नवा फाँट बसवा' निवडलं, फ्लॉपीकडे बोट दाखवलं, यादी बंद करून पुन्हा उघडली.

रायपुर. आरंग. अभनपुर. ओळीनं, काना-मात्रेसह.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "निकालिए प्रिंट." पण म्हणताना त्यांनी स्वतः प्रिंटरमध्ये कागदाची थप्पी लावली. भोपाळहून आलेल्या उपसंचालकांना कागद लावताना त्या ऑफिसानं पहिल्यांदाच पाहिलं. एकशे बारा पानं निघाली. कलावतीबाईंनी प्रत्येक दहावं पान थांबवून तपासलं, दोन ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली, ती दोन पानं पुन्हा काढली. सव्वातीनला गठ्ठा गाडीत गेला.

निरंजन गेला नव्हता. त्याची तीन ऑफिसं वाट बघत होती, तरी तो कलावतीबाईंच्या टेबलापाशी उभा होता.

"दीदी, ये उँगलियों वाला... ये सीखा जा सकता है?"

"का नाही? इन्स्टिट्यूटले जा. सहा महिने. फक्त कळांवर काळा रंग लावायले सांग."

"सच में?"

"मी काय खोटं सांगून राहिली?"

तो गेल्यावर कलावतीबाईंनी वही उघडली आणि फाँटच्या सूचनेखाली तीन ओळी लिहिल्या. हिंदी फाँटचा नमुना नेहमीच निरर्थक दिसेल. त्यावरून फाँट खराब ठरवू नये. आणि यादीत इंग्रजी चिवडा दिसला तर फॉरमॅटच्या आधी वरच्या खिडकीत फाँटचं नाव वाचावं. त्या दिवशी मॅडमनी घडल्याचा लेखी अहवाल मागितला तेव्हा त्यांनी तो चार वाक्यांत दिला. त्यात फाँट गेल्याचं होतं, बसवल्याचं होतं, यादी सुरक्षित असल्याचं होतं. कुणाचं नाव नव्हतं. मॅडमनी वाचला, खाली सही केली आणि सहीच्या वर स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: यापुढे या कार्यालयातला कोणताही संगणक श्रीमती गजभिये यांनी पाहिल्याशिवाय फॉरमॅट केला जाणार नाही. त्याचं परिपत्रक निघालं. सहाही मशीनच्या वर चिकटवलं गेलं. टाइप अर्थातच कलावतीबाईंनीच केलं, आणि टाइप करताना त्यांनी आपल्या नावापाशी बोटं थांबू दिली नाहीत. वेग नेहमीचा, मिनिटाला चाळीस शब्द.

घरी त्यांनी सांगितलं तेव्हा तुळशीराम शर्ट झटकत होते. मुलगी अपर्णा कॉलेजातून आली होती. "मम्मी, मतलब तुमने इंजीनियर को हराया?" तिनं विचारलं.

"हरवलं नाही, पोट्टी. वाचून दाखवलं."

आठ-दहा दिवसांनी ऑफिसात फोन वाजला. गंगाधरभाऊंनी उचलला आणि रिसीव्हर पुढे केला. "तुमचा इंजिनियर आहे, बाई. घाबरलेला वाटून राहिला."

निरंजन शहरातल्याच दुसऱ्या एका कचेरीतून बोलत होता. तिथं एका फाइलीत तसाच इंग्रजी चिवडा होता, पण फाँटच्या नावाची खिडकीच कोरी दाखवत होती, आणि तिथले साहेब सांगत होते, बेकार फाइल आहे, पुसून जागा मोकळी करा. "दीदी, मैंने हाथ नहीं लगाया. बस ये बता दो कि ये हिंदी है या सच में कचरा है."

"वाच. एकेक अक्षर. घाई नको करू."

"यू... के... जे... के... सेमीकोलन... फुलस्टॉप... के... आय... क्यू... जे."

कलावतीबाईंनी रिसीव्हर मानेत धरला. दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं एकदा खाली गेली, सावकाश, मग खात्री करून घेण्यासाठी पुन्हा एकदा. गंगाधरभाऊ जवळ सरकून बोटांकडे बघत होते.

"नारायणपूर," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "साहेबांना सांग, कचरा नाही. बस्तरचं गाव आहे. पुढची ओळ वाच."